चोरी झाल्यावर घर आवरू नका: चोराचे ठसे कसे राखायचे

इंदूरच्या पोलीस खात्यात ठसेतज्ज्ञ म्हणून माझी सगळी नोकरी गेली. आता निवृत्त होऊन रामबागेत राहते. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीत आमच्याकडची घरं कुलपं लावून पुण्या-मुंबईला जातात आणि परत आल्यावर एखाद्या घरून फोन येतोच, "काकू, घर फोडलंय हो, आता काय करू?" फोनवर घाईघाईत जे सांगते, ते इथे नीट बसून लिहिते आहे. चोरी व्हायच्या आधीच वाचून ठेवलंत तर उपयोग होईल, कारण त्या वेळी डोकं चालत नाही.

घाबरलेल्या माणसाचे हात आपोआप आवरायला लागतात. खाली पडलेल्या साड्या घडी करून पलंगावर जातात, कपाटाचं दार लोटून बंद होतं, शेजारचे काका लॉकर हलवून बघतात. लोकमान्य नगरातल्या एका घरी आजींनी ओट्यावरचा स्टीलचा पेला विसळून पालथा घातला होता. चोर त्यातून पाणी प्यायला होता. मी विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, परक्या माणसाने तोंड लावलेला पेला तसाच ठेवू का?" त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. असं काही सांभाळायचं असतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

मी नोकरीला लागले तेव्हा आम्ही काच, स्टील, सनमायका आणि गुळगुळीत रंगाचं लोखंड एवढ्याकडेच आशेने बघायचो. ओली वस्तू, चिकटपट्टी, चुरगळलेली प्लॅस्टिकची पिशवी दिसली की बहुतेक वेळा ती बाजूला राहायची. आज यातल्या प्रत्येकावर ठसा उमटवायची पद्धत आहे. म्हणूनच पूर्वी कचरा म्हणून टाकलेल्या वस्तूही आता जपायला हव्यात, आणि प्रत्येक वस्तू जपायची रीत वेगळी आहे. या लेखातला मुख्य मुद्दा तोच.

पोलीस येईपर्यंत

कुलूप तुटलेलं दिसलं तर आत जाऊ नका. चोर अजून आत असू शकतो. बाहेरूनच ११२ ला फोन करा. आत कुणी नाही याची खात्री झाल्यावरही घरातल्या सगळ्यांना ओटल्यावर किंवा ज्या खोलीत उचकाउचक झालेली नाही अशा एका खोलीत बसवा. आत जाणं भागच असेल तर एकाने जावं, भिंतीच्या कडेकडेने जावं आणि त्याच वाटेने परत यावं. गुळगुळीत फरशीवर अनवाणी पायाचा ठसा पडतो. तळपायालाही बोटांसारख्याच रेषा असतात आणि त्याही जुळवता येतात. आपल्याकडे आवाज होऊ नये म्हणून चपला बाहेर काढून आत शिरणारे चोर कमी नाहीत.

पंखा लावू नका, कागद उडतात. दिवा लावायचा असेल तर बटणाच्या अगदी कडेला पेनच्या टोकाने दाबा. नळ सोडू नका, फ्रिज उघडून पाणी काढू नका, संडास-बाथरूम वापरू नका. चोर ही सगळी ठिकाणं वापरतात. फ्रिजमधलं श्रीखंड खाऊन वाटी तिथेच टाकून गेलेले चोर मी पाहिले आहेत.

हातरुमाल किंवा हातमोजे घालून वस्तू उचलली की झालं, असा समज फार पक्का बसलेला आहे. रुमालाने तुमचा ठसा पडत नाही हे खरं, पण चोराचा ठसा त्याच रुमालाने पुसला जातो. ठसा म्हणजे घाम आणि तेलाचा इतका पातळ थर, की कापडाचा हलका स्पर्शही त्याला पुरतो. म्हणून वस्तू उचलूच नका. पावसात भिजणारी किंवा रस्त्यावर गाडीखाली जाईल अशी वस्तू असेल तर आधी तिच्यावर बादली किंवा टोपलं पालथं घाला, वस्तूला न टेकेल असं. अगदी नाइलाज झाला तरच उचला, आणि तीही माणूस सहसा जिथे धरत नाही अशा जागी: बाटली असेल तर तोंडाची कडा आणि बुडाची कडा, काच असेल तर फक्त तिच्या धारा.

तोवर एक वही घ्या आणि घरात शिरल्यापासून कुणी कशाला हात लावला ते लिहा. कडी, कपाटाचं दार, दिव्याचं बटण, जे आठवेल ते. याच वहीत आणखी एक गोष्ट लिहायची, आणि ती मला नेहमी मुद्दाम विचारावी लागायची: कोणती वस्तू शेवटची कधी पुसली होती? ठसा नेमका कधीचा आहे हे ठशाकडे बघून खात्रीने सांगता येत नाही. आजही नाही. पण तुम्ही शुक्रवारी सकाळी निघताना ड्रेसिंग टेबलची काच पुसली होती आणि रविवारी रात्री परतलात, तर त्या काचेवरचा अनोळखी ठसा त्या तीन दिवसांतलाच. कोणतंही यंत्र जे सांगू शकत नाही ते घरातली बाई सांगू शकते. तिचा जबाब नीट लिहून घ्यायला लावा.

ठसा कुठे आहे, हे महत्त्वाचं

कपाटाच्या दारावर घरात काम करणाऱ्या मावशींचे ठसे सापडले, तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही. त्या ते दार रोज पुसतात. लॉकरच्या आतल्या कप्प्याच्या तळाशी, दागिन्यांच्या डबीच्या आतल्या बाजूला, जिथे बाहेरच्या माणसाचा हात जायचं कारणच नाही, तिथला ठसा बोलका असतो. सराफ्यातून आणलेल्या दागिन्यांच्या डब्या चोर उघडतो, ऐवज काढतो आणि डब्या पलंगावर फेकतो. या कडक प्लॅस्टिकच्या डब्या फार उपयोगी. आतल्या मखमलीवर काही मिळत नाही, पण झाकणाच्या गुळगुळीत कडेवर अंगठा हमखास टेकतो.

सगळ्यात चांगली जागा मात्र बाथरूमच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्या. आपल्याकडच्या जुन्या घरांत त्या अजून आहेत. चोर बाहेरून एकेक पट्टी खाचेतून सरकवतो आणि आवाज नको म्हणून खाली भिंतीशी नीट रचून ठेवतो. पट्टी खाचेतून काढायची तर ती चिमटीत धरावीच लागते. म्हणजे एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला दोन-तीन बोटं, समोरासमोर. शिवाय जाड मोजे घालून ती पातळ काच नीट पकडता येत नाही, म्हणून हातमोजे वापरणारा चोरही पुष्कळदा इथे ते काढतो. अशी पट्टी तिरप्या उजेडात धरली की धुळीच्या थरात बोटांची टोकं कोणत्या दिशेला होती ते दिसतं, आणि हात बाहेरून आला होता की आतून, हेही त्यावरून कळतं. त्या रचलेल्या पट्ट्या उचलून "काकू, हे बघा, हे सापडलं" म्हणत माझ्या हातात आणून देऊ नका. जिथे आहेत तिथे राहू द्या आणि पोलिसांना ती जागा दाखवा.

आधी उजेड, मग भुकटी

तज्ज्ञ आला की लगेच ब्रश काढत नाही. आधी टॉर्च जमिनीला किंवा दाराला जवळजवळ समांतर धरून बघतो. तिरपा उजेड पडला की डोळ्यांना न दिसणारा ठसा दिसायला लागतो. काही ठिकाणी विशिष्ट रंगाचा तीव्र प्रकाश टाकून रंगीत चष्म्यातून बघतात. ठशावरचा थोडा मळ, तेल किंवा खाण्याचे कण अशा प्रकाशात स्वतःच चमकतात. लेसरने ठसे शोधण्याचं पहिलं काम १९७७ साली कॅनडात झालं. आता तेच काम हातात मावणारे दिवे करतात. उजेडाचा मोठा गुण असा की त्याने ठशाला धक्का लागत नाही. म्हणून क्रम नेहमी हाच: बघणं, मोजपट्टी ठेवून फोटो, आणि मगच भुकटी.

भुकटी निवडताना पृष्ठभागाचा रंग बघतात. काळ्या दारावर करडी अ‍ॅल्युमिनियमची, पांढऱ्या फ्रिजवर काळी. लोखंडाचे बारीक कण असलेली चुंबकी भुकटीही असते. ती चुंबकाच्या कांडीने फिरवतात, त्यामुळे ब्रशचे केस ठशाला लागतच नाहीत. ब्रश फिरवायचा तर पिसाने गालावरून फिरवावं इतका हलका हात लागतो, आणि रेषा दिसू लागल्या की त्याच रेषांच्या दिशेने. मग पारदर्शक टेप एका कडेपासून बसवत आणायची, मध्ये हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि उचलून कार्डावर चिकटवायची. त्यावर जागा, तारीख, वेळ आणि सह्या.

नंतर ही भुकटी घरभर पसरलेली दिसते आणि लोक ओला फडका मारतात. काळी भुकटी ओली झाली की भिंतीच्या रंगात मुरते. तपास अधिकारी "आता आवरा" म्हणाले की आधी मऊ कोरड्या ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने ती काढा आणि मग साबणाच्या पाण्याने पुसा.

कागद

कागदावर ठसा टिकतो, आणि वर्षानुवर्षं टिकतो. घामातली अमिनो आम्लं कागदाच्या तंतूंत शिरतात आणि तिथेच धरून राहतात. निनहायड्रिन नावाचं रसायन त्यांच्याशी मिळून जांभळा रंग देतं. हे रसायन रूहेमान या शास्त्रज्ञाने १९१० साली शोधलं, पण ठशांसाठी ते वापरता येईल हे स्वीडनच्या दोन संशोधकांनी १९५४ साली दाखवलं. १९९० च्या दशकात डीएफओ आणि इंडेनडायोन ही आणखी तल्लख रसायनं आली. त्यांनी उमटलेला ठसा हिरव्या प्रकाशात चमकतो आणि नारिंगी चष्म्यातून दिसतो. निनहायड्रिनला जिथे फिकट डाग दिसायचा, तिथे या रसायनांनी कधी कधी स्पष्ट रेषा मिळतात.

म्हणून चोराने उचकलेली बँकेची पासबुकं, मुदत ठेवीच्या पावत्या, फाडलेली पाकिटं गोळा करून ड्रॉवरमध्ये कोंबू नका. पोलिसांनी जप्त केली तर ती कागदी पाकिटात जायला हवीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हेत. प्लॅस्टिकमध्ये दमट हवा अडकते, बुरशी धरते, ठसा बिघडतो. पाकिटावर जे लिहायचं ते वस्तू आत घालण्याआधी लिहावं, नाहीतर पेनचा दाब आतल्या कागदावर उतरतो. दुकानाचं किंवा एटीएमचं बिल सापडलं तर ते उन्हात किंवा गरम गाडीत ठेवू नका. तो कागद उष्णतेने काळा पडतो, आणि नेहमीच्या निनहायड्रिनच्या द्रावणानेही काळा पडतो. त्याच्यासाठी वेगळी पद्धत वापरावी लागते, म्हणून देताना "हे बिल आहे" असं सांगा.

प्लॅस्टिक, पाणी आणि चिकटपट्टी

इंदुरी चोरही इंदुरीच. शेवेचं पाकीट फोडून दोन मुठी खाऊन जातो. ते पाकीट जपा.

पटकन चिकटणारा जो गोंद आपण घरात वापरतो, त्याची वाफ ठशावर बसून पांढरी कडक रेषा तयार करते, हे १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानी पोलिसांच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं. ठसे काढण्याच्या कामात मला सगळ्यात मोठी झेप हीच वाटते. बंद पेटीत वस्तू टांगतात, हवेतली आर्द्रता वाढवतात आणि गोंद तापवतात. थोड्या वेळात ठशाच्या रेषा पांढऱ्या होऊन पक्क्या बसतात, इतक्या की नंतर त्यांच्यावर चमकणारा रंग चढवून तो धुताही येतो. बाटल्या, पिशव्या, पेचकसाची प्लॅस्टिकची मूठ, मोबाइलचं कव्हर या सगळ्यांवर हे चालतं. घरी मात्र हा प्रयोग करू नका, ती वाफ डोळ्यांना आणि श्वासाला फार लागते. तुमचं काम एवढंच की पाकीट चुरगळू द्यायचं नाही आणि त्याला काही घासू द्यायचं नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात वस्तू दोऱ्याने हलणार नाही अशी बांधली की ती घासत नाही. पोलिसांकडे खोकं नसेल तर तुम्ही द्या. आमच्या लोकांना वेळेवर साधं खोकं मिळालं तरी खूप होतं.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांसाठी आणखी एक महागडी पद्धत आहे. हवा काढून घेतलेल्या पेटीत वस्तूवर आधी सोन्याचा आणि मग जस्ताचा अत्यंत पातळ थर चढवतात. जस्त आजूबाजूला बसतं, ठशाच्या रेषांवर बसत नाही, म्हणून ठसा कोरल्यासारखा दिसतो. अशी यंत्रं मोजक्या प्रयोगशाळांत असतात, साध्या घरफोडीसाठी त्यांची वाट बघू नये.

ओल्या वस्तूंबाबत तर लोकांना सांगून सांगून मी थकत नाही: वाळवू नका, पुसू नका. घामातले क्षार आणि अमिनो आम्लं पाण्यात जातात, पण चेहऱ्या-केसांवरून बोटांना लागलेलं तेल राहतं. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे बारीक कण साबणपाण्यात मिसळून वस्तूवर सोडले की ते या तेलाला चिकटतात आणि राखाडी-काळा ठसा उमटतो. पावसाळ्यात अंगणातल्या गाडीचं दार ओलं असेल तरी आशा सोडायचं कारण नाही. विहिरीत, टाकीत किंवा नाल्यात टाकलेली वस्तू सापडली तर ती त्याच पाण्यात, बादलीत घालून पाठवायची असते. पाण्यातून काढून उन्हात वाळवली तर काम अवघड होतं.

चिकटपट्टी हा चोरांचा हल्लीचा आवडता माल. काच फोडताना आवाज होऊ नये म्हणून ती काचेवर लावतात, किंवा कॅमेऱ्यावर चिकटवतात. पट्टीच्या चिकट बाजूवर ठसा अडकतो आणि त्वचेच्या पेशीही अडकतात, म्हणजे डीएनएचीही शक्यता असते. जेन्शियन व्हायोलेटसारखा जांभळा रंग किंवा दाट काळी भुकटी साबणपाण्यात कालवून या बाजूवर लावतात आणि पाण्याने धुतात, रेषा राहतात. पट्टी स्वतः सोलू नका, गोळा करू नका, कागदावर चिकटवू तर मुळीच नका. आणि तिच्यावर वाकून बोलू नका. तुमच्या थुंकीचे कण तिच्यावर पडले की डीएनए तपासणीत घोळ होतो.

कशावर सहसा ठसा मिळत नाही तेही सांगून टाकते: खडबडीत भिंत, वीट, न रंगवलेलं लाकूड, जाड सुती कपडा. यांच्यासाठी अधिकाऱ्यांशी वाद घालू नका.

घरच्यांचे ठसे

तज्ज्ञ घरातल्या सगळ्यांच्या दहा बोटांचे ठसे मागतो, तेव्हा घरात कुजबुज सुरू होते. "आमच्यावर संशय का?" संशय नाही. घरात मिळालेल्या ठशांतून तुमचे ठसे वजा केल्याशिवाय बाहेरचा ठसा कोणता ते कळत नाही. आजोबा, सून, शाळेतला नातू, सगळ्यांचे द्या. बोटं शाईत बुडवायची नाहीत, पातळ शाईच्या पाटीवरून नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवायची आणि कागदावर तशीच फिरवायची. हल्ली बऱ्याच ठिकाणी स्कॅनरवरही घेतात. म्हाताऱ्या माणसांची आणि भांडी घासणाऱ्या हातांची बोटं झिजलेली असतात. थोडं ग्लिसरीन लावून पुसून घेतलं की रेषा बऱ्या येतात.

मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. फक्त कामवाल्या मावशींना आणि ड्रायव्हरला बोलावून ठसे घ्यायला लावू नका. घ्यायचे तर मालकिणीपासून सगळ्यांचे घ्या, त्यांच्या आधी तुमचे द्या. मावशी वर्षानुवर्षं तुमच्या घरात येतात. त्यांनी एकटीने ठाण्यात रांगेत उभं राहायचं आणि तुम्ही घरी बसायचं, हे मला कधीच पटलं नाही.

संगणक नाव सुचवतो, ठरवतो माणूस

जगातला पहिला ठसे विभाग १८९७ साली कलकत्त्यात उघडला. ठशांच्या वर्गीकरणाच्या पद्धतीला बंगालचे तेव्हाचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांचं नाव मिळालं, पण तिचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीय अधिकाऱ्यांनी बसवलं होतं. त्या काळी हजारो कागदांच्या गठ्ठ्यांतून एक ठसा हाताने शोधायचा. आता नाफिस ही देशभरची संगणकी यंत्रणा आहे. अटक झालेल्या माणसाला तिच्यात दहा अंकी क्रमांक मिळतो, आणि इंदुरातला ठसा दुसऱ्या राज्यातल्या नोंदीशी ताडून बघता येतो. एप्रिल २०२२ मध्ये या यंत्रणेच्या मदतीने मृत व्यक्तीची ओळख पटवणारं पहिलं राज्य आपलं मध्य प्रदेश होतं, याचा मला अभिमान आहे.

पण संगणक देतो ती जवळच्या ठशांची यादी. रेषा कुठे फुटते, कुठे संपते, ती बारीक चिन्हं एकेक करून जुळवणं हे तज्ज्ञाचं काम, आणि दुसऱ्या तज्ज्ञाने पहिल्याचं मत न विचारता ते पुन्हा तपासावं लागतं. २००४ साली माद्रिदच्या रेल्वे स्फोटांनंतर एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेच्या एफबीआयने ब्रँडन मेफील्ड या ओरेगॉनमधल्या वकिलाचा ठरवला. त्याला दोन आठवडे डांबून ठेवलं. मग स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवलं आणि एफबीआयला माफी मागावी लागली. ठसे खोटं बोलत नाहीत असं म्हणतात, पण ते वाचणारी माणसं चुकू शकतात. जितकी नोंदींची संख्या वाढते, तितके एकमेकांसारखे दिसणारे ठसेही यादीत वर येतात, म्हणून काळजी वाढवायला हवी.

२०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एआयचा एक प्रयोग मांडला: एकाच माणसाच्या दोन वेगळ्या बोटांचे ठसे त्याच माणसाचे आहेत का, हे यंत्राला ओळखायला शिकवलं. एका जोडीला अचूकता ७७ टक्के. दोन गुन्ह्यांच्या जागी वेगवेगळी बोटं उमटली असतील तर तपासाला दिशा मिळेल, म्हणून हे काम मला मोलाचं वाटतं. पण ७७ टक्क्यांवर कुणाला तुरुंगात पाठवता येणार नाही.

आणि ठसा जुळला तरी तो फक्त स्पर्श सांगतो. जलपाईगुडीच्या चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला, तेव्हा एका पंचांगावर रक्ताळलेल्या बोटाचा ठसा मिळाला आणि तो कांगाली चरण या जुन्या नोकराचा निघाला. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, खुनासाठी नाही. ठशावरून तो तिथे होता आणि त्याने वस्तूला हात लावला, एवढंच ठरत होतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या न्यायाधीशांचा हा संयम मला आजच्या प्रत्येक तपासात हवासा वाटतो.

घरी करून बघा

मुलांना हे दाखवायला फार सोपं आहे, आणि एकदा स्वतः केलं की ठसा किती नाजूक असतो ते हाताला कळतं. काचेचा पेला साबणाने धुऊन कोरडा करा. बोट कपाळाला लावून पेल्यावर हलकं टेकवा, सरकवू नका. पेन्सिलीचं शिसं बारीक पॉलिश पेपरवर घासून काळी भुकटी करा. मेकअपच्या मऊ ब्रशने ती ठशाजवळ अगदी थोडी लावा, जादा भुकटी फुंकू नका, झटका. पारदर्शक चिकटपट्टी लावून उचला आणि पांढऱ्या कागदावर बसवा. आता दुसरा ठसा उमटवा आणि भुकटी लावण्याआधी त्याच्यावरून रुमाल एकदाच फिरवा. फरक बघा.

पोलिसांकडे काय मागायचं

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावे गोळा करावेत आणि त्याचं मोबाइल किंवा इतर साधनाने चित्रीकरण व्हावं असं म्हटलं आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेव्हा टीआय साहेबांना, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांना, नम्रपणे विचारा, "ठसेतज्ज्ञ कधी येतील? तोपर्यंत आम्ही ही खोली बंद ठेवतो." भांडून उपयोग नाही. खोली बंद आहे, कुणी आत गेलेलं नाही आणि वही तयार आहे, हे दिसलं की समोरचा अधिकारीही मनावर घेतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती घ्या. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. किती ठसे उचलले आणि कुठून, कोणत्या वस्तू जप्त केल्या, हे त्यात आहे ना ते बघा. पंचनाम्यात जागा लिहिलेली नसेल तर पुढे कोर्टात त्या ठशाचं वजन कमी होतं.

आणि पोलीस परत गेले म्हणजे शोध संपला असं समजू नका. आठ दिवसांनी गच्चीवर टाकीमागे पेचकस सापडतो, कुंडीत कुलपाचा तुकडा सापडतो, मागच्या गल्लीत तुमची रिकामी पर्स सापडते. हात लावू नका, वर टोपलं पालथं घाला, जागेचा फोटो काढा आणि एफआयआरचा नंबर सांगून ठाण्यात पुन्हा फोन करा.